काटकसर डाळीत, सढळ हात गव्हात



मी धारची माहेरवाशीण आणि देवासची सून. वय बासष्ट. आठवणी लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून मीही आठवणींपासूनच सुरू करते. पण आज थोडं मतही मांडायचं आहे. पटलं नाही तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

चैत्रात भावाच्या नातवाच्या बारशाला धारला गेले होते. माळव्यातलं बारसं, तेव्हा दाल-बाफले ठरलेलेच. पानात तुपात बुडवलेले बाफले, शेजारी चुरम्याचे लाडू, कढी, हिरवी चटणी. मी एकच बाफला घेतला, वरण दोनदा मागून घेतलं, काकडीची कोशिंबीर वाटीभर घेतली नि लाडवाला हात जोडले. शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमचं बरं आहे. ते लो-कार्ब का काय ते पैसेवाल्यांचं काम. आम्हांला कुठलं परवडायला?"

वहिनींना साखर आहे, चौदा वर्षं झाली. हल्ली त्यांच्या डोळ्यांत इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यांच्या पानात त्या दिवशी चार बाफले होते नि वरणाची वाटी अर्धी. माणसं जेवायची राहिली होती, वरण कमी पडू नये म्हणून त्यांनी कमी घेतलं. मला तिथे काही बोलवेना. घरी येताना इंदूरपर्यंत बसमध्ये हाच विचार डोक्यात होता, नि म्हणून हे लिहायला बसले.

मला स्वतःला साखर निघाली ती पाच वर्षांपूर्वी. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा 8.6. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नि सांगितलं, "काकू, पोळी, भात, साबुदाणा, बटाटा कमी करा. प्रथिनं वाढवा." लेक पुण्यात असते. तिने लगेच यादी पाठवली: बदामाचं पीठ, ॲव्होकाडो, ऑलिव्हचं तेल, पावडरचा डबा. मी यादीची बेरीज केली आणि कागद घडी करून पंचांगात ठेवून दिला. हे देवासच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-95 ची पेन्शन ज्यांना मिळते त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, या योजनेत किमान पेन्शन महिन्याला 1000 रुपये आहे. आमची त्यापेक्षा जास्त आहे, पण चार हजारांच्या आतच. थोडी ठेव, थोडा मुलाचा हातभार, यावर घर चालतं. त्या यादीतलं बदामाचं पीठ आणलं असतं तर गॅस सिलेंडरला पैसे उरले नसते.

मग मी माझी हिशोबाची वही काढली. लग्न झाल्यापासून वही ठेवते, ती सासूबाईंची शिस्त. त्या वहीत मला जे दिसलं ते चाळीस वर्षं रोज लिहूनही कधी दिसलं नव्हतं.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात वर्षाचे गहू भरतात. मंडीतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात. ऊन देऊन, निवडून, एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा पाला घालून कोठी भरली की बाईमाणूस निश्चिंत. तो खर्च एकदाच होतो. त्यानंतर वर्षभर प्रत्येक पोळी फुकट वाटते. डाळ मात्र महिन्याच्या किराण्यात येते. दाणे, मूग, मटकी, अंडी हे सगळं महिन्याचं, कधी आठवड्याचं. त्यामुळे प्रत्येक वाटी डोळ्यांत भरते. महिनाअखेरीस हात आखडला की काय कमी होतं? डाळ. आमटीत एक तांब्या पाणी वाढतं आणि पोळ्या दोन जास्त होतात. वहीत साखरेचा आणि गव्हाचा खर्च कधीच कमी झालेला नाही. तूरडाळीपुढे मात्र जागोजागी खूण आहे: "पुढच्या महिन्यात."

यालाच आपण काटकसर म्हणत आलो. डाळीत काटकसर आणि गव्हात सढळ हात.

आता देवासकरांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगते. आमच्या या एवढ्याशा गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार भावांपासून चाललेली दोन संस्थानं, गाव एकच. 1948 साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. पण आमच्या स्वयंपाकघरात दोन पात्या पुढेही चालूच राहिल्या. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची: घट्ट वरण, भाजी, दही. दुसरी पंगत बायकांची: पातेल्याच्या तळाला उरलेली आमटी, संपलेली भाजी, नि पोळ्या मात्र हव्या तेवढ्या. सासूबाई लोणच्याच्या खारासोबत पाच पोळ्या खाऊन उठायच्या. "मला भाजी लागतच नाही," म्हणायच्या. आम्ही खरं मानलं. पुढे त्यांना साखर झाली, पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. तेव्हाही आम्ही म्हणालो, गोड फार खायच्या. नव्हत्या हो खात. गोड सणावारीच व्हायचं. त्या रोज खात होत्या ती नुसती पोळी.

एका मध्यम पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, नि त्यातली 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं म्हणजे पोटात जाऊन साखरच होणार. पाच पोळ्यांचे शंभर ग्रॅम झाले. सोबत डाळ, भाजी, दही काही नसेल तर ती साखर रक्तात भराभर चढते.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभराच्या पाहणीने 2023 साली सांगितलं की भारतात 10 कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे. त्याच पाहणीतला आहाराचा भाग 2025 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आपल्या रोजच्या ऊर्जेतली सुमारे 62 टक्के नुसत्या कर्बोदकांतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिका म्हणते, धान्यातून 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःला पचायला जड गेली. मी आधी गहू सोडून ज्वारीवर आले होते. माझ्या धारच्या आजीच्या ताटात ज्वारीची आणि मक्याची भाकरी असायची, तेव्हा वाटलं की जुनं तेच बरं. ज्वारी चांगलीच आहे, तंतू असतात, पोट भरल्यासारखं राहतं. पण तीही धान्यच. तिच्यातही कर्बोदकं गव्हाच्याच आसपास. त्या 2025 च्या अभ्यासातही हेच निघालं की तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्यं आणली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आली, की फरक दिसतो. म्हणजे दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या हा उपाय नाही. दोन पोळ्यांऐवजी एक पोळी आणि दोन वाट्या उसळ, हा उपाय.

"पण डाळी-उसळी महागच ना?" वहिनींचा प्रश्न हाच होता. चला, हिशोब करू.

आपण राहतो कुठे? माळव्यात. आपल्या चहूबाजूंना पावसाळ्यात काय पिकतं? सोयाबीन. देवासहून धारपर्यंत बसच्या खिडकीतून श्रावणात दुसरं फारसं दिसत नाही. 1970 नंतर हे पीक आपल्या काळ्या मातीत पसरलं, आजीच्या वेळच्या ज्वारीची जागा त्याने घेतली. सोयाबीनचं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आपल्या इंदूरलाच आहे. आणि आपण त्या सोयाबीनचं करतो काय? तेल काढून पोळीला लावतो आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला नि परदेशाला पाठवतो. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ते 40 ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हात अकरा-बारा. ज्या दाण्यात सगळ्यांत जास्त प्रथिनं आणि धान्यापेक्षा कितीतरी कमी कर्बोदकं, तो आपल्या दारातून ट्रकमध्ये बसून जातो, नि आपण बदामाच्या पिठाची जाहिरात बघतो!

2025-26 साठी सरकारने ठरवलेला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. मध्य प्रदेशात 2025 च्या हंगामात गहू बोनससकट 2600 रुपयांनी खरेदी झाला. या भावाने बघा: एका रुपयाच्या गव्हात साधारण 4 ग्रॅम प्रथिनं, एका रुपयाच्या सोयाबीनमध्ये 7 ग्रॅम. म्हणजे प्रथिनांच्या हिशोबाने सोयाबीन गव्हापेक्षाही स्वस्त. किराणा दुकानात जास्त पडतं हे कबूल, तरी हिशोब फार बदलत नाही. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे रुपयाला दोन-अडीच ग्रॅम देतात. अंडं सात रुपयांचं धरलं तर एक ग्रॅमच्या थोडं खाली. बदाम पाव ग्रॅमच्याही आत.

आता माझ्या वहीतलं. आम्ही दोघं, आणि रविवारी इंदूरहून मुलगा-सून-नातवंडं. पूर्वी दोन क्विंटल गहू भरत होतो. आता 90 किलो भरते. किलोला 28 रुपये धरले तर तीन हजारांच्या वर पैसे वाचले. त्या पैशांत गेल्या वर्षी आलं ते असं: 12 किलो हरभरे आणि हरभऱ्याची डाळ, 10 किलो सोयाबीन, 8 किलो शेंगदाणे. तरी चारशे रुपये उरले, त्यांची अंडी आली. बाहेरून एक रुपयाही जास्त घातला नाही. कोठीतल्या कोठीत वाटणी बदलली, एवढंच.

जेवणात नवीन काही नाही, सगळं आपलंच आहे. सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन उकडलेली अंडी. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांनी मोड आलेले मूग परतून घ्या. पोहे सोडलेले नाहीत, ते सोडले तर माळव्यात राहायचं कशाला? पण पोहे मूठभर नि त्यात दाणे, मटार, कोबी दुप्पट. दुपारी एक पोळी, वाटीभर उसळ, पीठ पेरून केलेली मेथी किंवा ताकातला पालक. घोसाळी, ज्याला इकडे गिलकी म्हणतात, ती उन्हाळ्या-पावसाळ्यात स्वस्त. दुधी, कोबी, मुळा, वांगं जसा मोसम तसं. वांग्यात, काकडीत, दुधीत दाण्याचं कूट सढळ हाताने. रात्री पोळी नाहीच. घट्ट पिठलं आणि भाजी, किंवा सोयाबीनची उसळ आणि ताक. पिठल्यात कर्बोदकं नसतात असं नाही, बेसनातही असतात. पण पिठलं वाटीभरच खाल्लं जातं, आणि पोळीशिवाय खाल्लं तर पोट भरतं.

सोयाबीनबद्दल तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, ते कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नसतं, पचनाला अडथळा करणारे घटक त्यात असतात. रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या, कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या होऊ द्या. दोन, उग्र वास आवडत नसेल तर भिजवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून काही मिनिटं ठेवा, वास बराच जातो. पिठात मिसळायचं असेल तरी आधी उकळून, खडखडीत वाळवून मगच दळायला द्या. तीन, पेरणीसाठी विकतात ते बियाणं चुकूनही खायला आणू नका, त्याला औषध लावलेलं असतं. खाण्याचं धान्यच मागून घ्या.

उपासाचं पण सांगते, कारण आपल्या बायकांचे उपास म्हणजे साखरेला आमंत्रण. साबुदाणा हा शुद्ध स्टार्च. एकादशीला मी आता दाण्याची आमटी, दही-काकडी, घरचं पनीर असं घेते. देवाला चालतं. देवीलाही चालतं असं मी टेकडी चढताना विचारून घेतलंय, मोठ्या मातेलाही आणि छोट्या मातेलाही!

आता माझी चूक. सुरुवातीच्या उत्साहात मी पोळ्या एकदम कमी केल्या आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही. गोळ्या पूर्वीच्याच प्रमाणात चालू. एका रात्री घामाने भिजून जागी झाले, हात थरथरत होते, बोलता येईना. साखर फार उतरली होती. यांनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. म्हणून हात जोडून सांगते: मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषधाचं प्रमाण बदलावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती खायची तेही त्यांनाच विचारा. माझ्या भरवशावर राहू नका, मी फक्त वही ठेवणारी बाई आहे. आता औषध अर्ध्यावर आहे नि गेल्या वेळचा आकडा 6.9 आला. तो 6 झाला असं खोटं सांगणार नाही.

घरात कुरकुर झाली का? झाली. हे म्हणाले, "माळव्यात राहून पोळी मोजायची?" मी म्हटलं, तुम्ही नका मोजू, मी माझ्या मोजते. पण हळूहळू त्यांच्याही पानात तीनच्या दोन झाल्या. सून म्हणाली, "आई, पाहुण्यांसमोर तुम्ही आधी उसळ वाढून घेता, बरं दिसत नाही." तिला मी सासूबाईंच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. ती पुढे काही बोलली नाही. पण आता तीही आमच्याबरोबरच पानावर बसते.

माझं मत एवढंच आहे मंडळी. कमी कर्बोदकांचं जेवण हे श्रीमंतांचं नाही. ते श्रीमंतांचं वाटतं, कारण आपण पुण्या-मुंबईच्या दुकानातली यादी बघतो. आपल्या पेन्शनीत बसणारं जेवण आपल्या मंडीतच आहे. आड येते ती आपली दोन सवयी. गहू वर्षाचा भरायचा नि डाळ महिन्याची आणायची, ही एक. घरच्या बाईने उरलंसुरलं खायचं, ही दुसरी. पहिली बदलली नि दुसरी तशीच राहिली तर काही उपयोग नाही. घट्ट वरण पुन्हा पहिल्याच पंगतीत संपेल.

म्हणून वर्षाचा गहू भरता तसा हरभरा भरा. दोन्ही एकाच सुमाराला बाजारात येतात. डाळीला ऊन द्या, तेलाचा हात लावा, टिकते. दसरा-दिवाळीला नवं सोयाबीन येतं, तेव्हा ते घ्या. दाणे मात्र वर्षाचे भरू नका, खवट होतात, बुरशी धरतात. दोन-तीन महिन्यांचे बास. एकदा कोठीत डाळ आली की तीही पोळीसारखी "घरचीच" वाटायला लागते, आमटीत पाणी घालावंसं वाटत नाही. हा मनाचा खेळ आहे, पण चाळीस वर्षं त्याच खेळाने आपल्याला पोळीकडे ढकललं ना?

आणि ज्यांच्या घरी कोठीच नाही, त्यांचं काय? माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं. पोट भरतं, चांगलंच आहे. पण त्यांनाही साखर आहे. पेंडीचे ट्रक बाहेर जातात त्या जिल्ह्यात रेशनच्या पिशवीत दोन किलो डाळ किंवा सोयाबीन असावं, हे मागणं फार मोठं आहे असं मला वाटत नाही.

परवा धारला फोन केला होता. वहिनींना हा सगळा हिशोब सांगितला. म्हणाल्या, "वन्सं, यंदाचे गहू तर भरून झाले." मी म्हटलं, गहू असू द्या, पळून जात नाहीत, दोन वर्षं पुरवा. आज संध्याकाळी वरण झालं की आधी स्वतःच्या वाटीत घट्ट वाढून घ्या, मग बाकीच्यांना वाढा. त्या हसल्या. "बघते," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांचं पुढचं इंजेक्शन आहे. मी जाणार आहे सोबत, आणि पाच किलो सोयाबीनची पिशवीही घेऊन जाणार आहे.

तुमच्या घरी वर्षाचं काय काय भरतात, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत काय उरतं, ते खरं खरं लिहा. मी वाचेन.